कड्यांचा उन्हाळा

यंदाचा उन्हाळा मला आधी नळातून कळला. मार्च नुकता लागला होता. सकाळी अकराच्या सुमाराला मेथी धुवायला म्हणून नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापलं होतं. सोलापुरात उन्हाळा असाच येतो. आधी पाणी तापतं, मग पश्चिमेची भिंत तापते, मग पलंगावरची चादर अंगाखाली गरम लागायला लागते, आणि त्यानंतर माणसं कमी बोलायला लागतात. अकरा वाजता खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि सहापर्यंत घरात बसायचं. बाहेर रस्ता पांढरा पडलेला असतो. एखादी रिक्षा गेली तर तिचा आवाज बराच वेळ ऐकू येतो, कारण दुसरा कुठला आवाजच नसतो.

हात ओल्या पदराला पुसत मी नळाकडे बघत उभी राहिले. हा नळ मी बसवलेला आहे. त्याच्या शेजारची फरशी मी चिकटवलेली आहे. वरची फळी, फळीखालचे दोन कोन, खिडकीची जाळी, सगळं माझ्या हातचं. कुणी पाहुणा आला तर त्याला यातलं काही दिसत नाही. मला मात्र प्रत्येक स्क्रू बघितला की ज्या उन्हाळ्यात तो बसवला तो उन्हाळा आठवतो. आत्या चालत्या-फिरत्या होत्या तो उन्हाळा.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. पुढे त्यांनी कडक भाकऱ्यांचा धंदा केला. दिवसभर चुलीपुढे बसून पापडासारख्या पातळ, कुरकुरीत भाकऱ्या भाजायच्या आणि दुकानांना द्यायच्या. दुकानदारांशी भांडता भांडता त्यांचं मराठी असं काही तयार झालं की गल्लीतल्या बायका भांडायला जाताना त्यांना सोबत न्यायच्या. मी लग्न होऊन मोडनिंबहून आले. मला कानडी येत नव्हतं, म्हणून माझ्याशी त्या कायम मराठीत बोलल्या. मुलाशी कानडी, सुनेशी मराठी, आणि शेजारच्या लक्ष्मीअक्कांशी थोडं तेलुगूसुद्धा. एका जेवणात तीन भाषा वाढायच्या.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला चष्मा, मग दुपारचं जेवण झालं की नाही, मग नातीचं नाव. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून बघितले आणि सांगितलं की हे वाढत जाईल, औषधांनी फार तर सावकाश वाढेल. विसरण्यालाही एक क्रम होता. जे शेवटी आलं ते आधी गेलं. तेलुगू गेलं. मग मराठी जायला लागलं, एकेक शब्द गळून. एक दिवस मी त्यांना ताट वाढलं आणि त्या माझ्याकडे बघून कानडीत काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्या, मराठीत सांगा की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी परकं बोलले.

तेव्हा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. घड्या घालणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायचं काम. स्कूटीवरून जायचे, सुताचा बारीक कापूस केसांत घेऊन यायचे. घरी आले की आत्या पूर्वी तो कापूस वेचून काढायच्या. माझे मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला. मुलगी पुण्याला शिकायला. दिवसभर आत्या एकट्या असायच्या, आणि ते वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या एप्रिलमध्ये एका दुपारी मला लक्ष्मीअक्कांचा फोन आला. "मंगल, लवकर ये. सासू तुझी घरात नाय." मी स्कूटी कशी चालवली मला आठवत नाही. आत्या पाण्याच्या टाकीजवळच्या रिक्षा स्टँडवर सापडल्या. एका रिक्षावाल्याने त्यांना सावलीत बसवून ठेवलं होतं. पायात चप्पल नव्हती. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. डांबर चिकटून पाय काळे झाले होते आणि त्या मात्र शांतपणे समोर बघत होत्या, एसटीची वाट बघावी तशा. त्यांना माहेरी जायचं होतं.

मी त्याच आठवड्यात काम सोडलं. तात्पुरतं, असं सगळ्यांना सांगितलं. मालक म्हणाले, जागा ठेवतो. स्कूटी जिन्याखाली लावली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली.

फोड बरे होईपर्यंत आत्या पलंगावर होत्या. बऱ्या झाल्या की पुन्हा दाराकडे जाणार हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मिस्टर म्हणाले, "दाराला वरच्या अंगाला एक कडी बसवू. तिचा हात पोचणार नाही असं." सुताराला सांगितलं. तो उद्या येतो म्हणाला. त्या उद्याची वाट बघत आम्ही चार-पाच दिवस काढले. शेवटी एका सकाळी मी मिस्टरांचं ड्रिल मशीन काढलं, खुर्चीवर चढले आणि चौकटीत भोक पाडलं. वाकडं गेलं. दुसरं पाडलं. भुगा डोळ्यांत गेला. कडी बसली तेव्हा माझे खांदे भरून आले होते, पण ती सरकवली की खट् असा आवाज करून बसायची, आणि तो आवाज मला फार बरा वाटला. महिन्याभरात पहिल्यांदा मी हात घातलेलं काहीतरी पूर्ण झालं होतं.

तिथून मी सुटलेच. न्हाणीघरात आत्या घसरू नयेत म्हणून भिंतीला धरायचा दांडा बसवला. भिंतीत भोक पाडून त्यात आधी प्लास्टिकची गिट्टी ठोकायची, मग त्यात स्क्रू पिळायचा, नाहीतर दांडा हातात येतो, हे मी पहिला दांडा हातात आल्यावर शिकले. कपाटाचा आरसा काढून ठेवला, कारण त्यातल्या बाईला बघून त्या घाबरायच्या. गॅसचा सिलिंडर कपाटात बंद केला. खिडकीला जाळी मारली. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून एक जुनी कडी होती, गंजून आडवी पडलेली. ती घासली, तेल घातलं, आता ती बोटाच्या टोकाने सरकायला लागली. म्हणजे आत्या एकट्याच आत जाऊन पडणार नाहीत. रोज एक काम. आज हे झालं की उद्या ते. सकाळी दहाला दुकान गाठायचं, अक्कांना थोडा वेळ बसवून, आणि अकराच्या आत परत. हार्डवेअरचा दुकानदार मला बघितलं की न विचारता स्क्रूची पुडी बांधायला घ्यायचा.

आत्या बऱ्या होणार नव्हत्या. नळ बरा होत होता. मला वाटतं, सगळं एवढंच होतं. जे मोडत चाललं होतं त्याला माझ्याकडे पाना नव्हता, म्हणून मी दिसेल ते दुरुस्त करत सुटले होते.

लक्ष्मीअक्का एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, रोजची ठोकाठोकी करायलीस. घर बांधायलीस का जेल?"

मी हसले. पण त्या दुपारी, खिडक्या लावल्यावर, मी घराकडे बघितलं. पुढच्या दाराला वर कडी. मागच्या दाराला कुलूप. जाळ्या. बंद कपाटं. पडद्यातून येणारा तपकिरी उजेड, कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. आणि त्यात आम्ही दोघी. बाहेर जाऊ नये म्हणून एकीला कोंडलं होतं, आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून दुसरी आपोआप कोंडली गेली होती. फरक एवढाच होता, की मला कडीपर्यंत हात पोचत होता.

आत्या दिवसातून कितीदा तरी दारापाशी जायच्या. दारावर हात फिरवायच्या, पूर्वी कडी जिथे होती तिथे बोटांनी चाचपायच्या. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "बागला तगी." दार उघड. एवढं कानडी मला रोज ऐकून आलं होतं. मी म्हणायचे, "ऊन आहे आत्या, संध्याकाळी जाऊ." त्या पुन्हा दाराकडे वळायच्या. थोड्या वेळाने पुन्हा, "बागला तगी." आवाज चढायचा नाही. रागवायच्या नाहीत. कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून आलेल्या बाईने निघायची वेळ झाली म्हणून सांगावं, तशा सांगायच्या. एक दिवस मी कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात उभी राहिले. कान सोडले तर त्या दाराशी नव्हत्या. पलंगावर बसून दोन्ही तळवे हवेत एकमेकांवर आपटत होत्या. थप, थप. भाकरी करत होत्या.

न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला तो मेच्या मध्यावर. वॉशर बदलून बघितला, भागलं नाही, म्हणून नवा नळ आणला. गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. जेवण झालं होतं, आत्या पलंगावर डोळे मिटून होत्या. मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, टेप घेऊन आत गेले. जुना नळ पिळून काढायला बराच जोर लागला. दार उघडं होतं, कूलरच्या वाऱ्याने ते पुढे-मागे होत होतं म्हणून मी ते कोपराने लोटलं. नव्या नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळत होते, तेवढ्यात मागे बारीक आवाज झाला. सर्रकन, तेल घातलेल्या कडीचा.

आत्यांची आयुष्यभराची सवय होती. उघडं दार दिसलं की लावायचं, कडी दिसली की सरकवायची. येता-जाता त्यांनी ती सरकवली होती.

"आत्या!" मी हाक मारली. "कडी काढा. मी आत आहे."

पावलं थांबली.

"आत्या, ऐकू येतंय ना? कडी मागे ओढा."

काही नाही. मी दार ओढलं, मग हिसडे दिले. प्लास्टिकचं दार, पण कडी मी स्वतः नीट केली होती. ती हलली नाही. मोबाइल स्वयंपाकघरात. मिस्टर संध्याकाळी येणार. न्हाणीघराची खिडकी म्हणजे छताजवळची एक फट, ती पश्चिमेला. ऊन थेट तिच्यातून खाली येत होतं आणि वर तापलेला स्लॅब होता. नळाला पाणी नव्हतं, ते मीच बंद केलं होतं. तळाशी थोडं पाणी असलेली एक बादली होती. मी अक्कांना हाका मारल्या. मेमध्ये दुपारी सोलापुरात हाक मारणं म्हणजे गादीत तोंड खुपसून ओरडणं. सगळ्यांच्या खिडक्या बंद, सगळ्यांचे कूलर चालू.

आणि मग मला आठवेना, की पुढच्या दाराची वरची कडी लावली आहे का. सकाळी दूधवाला आला, मग अक्का वाटी द्यायला आल्या, मग मी व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीवर जाऊन आले. खाली आल्यावर मी हात वर केला होता की नव्हता? मी डोळे मिटून ती कडी बघायचा प्रयत्न करत होते. रोज इतक्यांदा लावायचे, की कालची आणि आजची वेगळी आठवत नव्हती. बाहेर शांत होतं. मला डांबरावरचे ते तळवे दिसायला लागले.

"आत्या! आत्या, कुठं आहात?"

दाराच्या अगदी जवळून आवाज आला. "यारू?" कोण आहे?

मला रडूच आलं. "मी मंगल."

मग त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "मंगल इल्ला. केलसक्क होग्याळ."

हे मला कळलं. मंगल नाही, कामाला गेलीय. काम सोडून माझा महिना उलटून गेला होता. पण त्यांच्या घरातली मंगल अजून स्कूटीवरून जात होती, टॉवेल मोजत होती, संध्याकाळी केसांत कापूस घेऊन येणार होती. मी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर खाली बसले. मला त्या मंगलचा हेवा वाटला.

मग मला जेवढं येत होतं तेवढं मी बोलले. "बागला तगी, आत्या. बागला तगी." त्यांचेच शब्द, त्यांच्याच चालीत. दाराच्या या बाजूने ते म्हणताना कसे लागतात ते मला तोंडातून निघाल्यावर कळलं. त्या कानडीत काहीतरी बोलल्या, हळू, कुणीतरी चोरून ऐकेल या भीतीने बोलावं तशा आवाजात. शब्द सगळे कळले नाहीत, अर्थ कळला. मलाही कुणी उघडत नाही गं, असं त्या सांगत होत्या.

मग मी उठले. दार आत उघडणारं, त्यामुळे बिजागऱ्या माझ्या बाजूला होत्या. स्क्रू ड्रायव्हर हातात होता. वरच्या बिजागरीचे स्क्रू पटापट निघाले. मधलीचे निघाले. खालचे गंजलेले होते, त्यांच्या खाचा झिजलेल्या. घामाने मूठ घसरत होती. बादलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, पुन्हा बसले. तेवढ्यात बाहेर काहीतरी फरफटत आलं. स्टूल. मग दारावर कसलीशी बारीक फडफड सुरू झाली. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मला काही उमगेना. शेवटचा स्क्रू पकडीने पिरगाळून काढला, दार कडीच्या बाजूने लोंबकळलं आणि मी फटीतून अंग काढून बाहेर आले.

आत्या दारासमोर स्टुलावर बसल्या होत्या. नव्या नळाचा पुठ्ठ्याचा खोका फाडून त्यांनी सपाट केला होता आणि त्याने त्या दारावर वारा घालत होत्या. मला बघून हात थांबला नाही, फक्त दारावरून माझ्याकडे वळला.

"भाळ शेकी," त्या म्हणाल्या. फार उकडतंय.

पुढच्या दाराची कडी लावलेली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तशीच, ओल्या कपड्यांनी, त्यांच्या पायाशी बसून राहिले. त्या वारा घालत होत्या.

संध्याकाळी मिस्टर आले तेव्हा न्हाणीघराचं दार भिंतीला टेकून उभं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग त्यांच्या अव्वाकडे, म्हणजे आईकडे बघितलं. मग म्हणाले, "अगं, 'तगी' काय म्हणतीस? मोठ्या माणसाला 'तगीरी' म्हणायचं. म्हणूनच नसेल उघडलं अव्वानं."

मी इतक्या दिवसांनी हसले की हसताना दुखलं. हसून झाल्यावर म्हटलं, "या सगळ्या कड्या काढायच्या."

"आणि ती गेली मग? परत डांबरावर?"

"तुम्ही एक दिवस बसून बघा आत. दिवसभर."

"मी कामाला जातो मंगल. कुणीतरी जायला पाहिजे की."

"मीसुद्धा जात होते."

हे आमच्यात कधी बोललं गेलं नव्हतं. ते चहाचा कप घेऊन मागच्या दारापाशी गेले, कुलूप काढलं आणि उंबऱ्यावर बसले. मागच्या दाराबाहेर आमच्या घराच्या आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये एक बोळ आहे. घर बांधलं तेव्हापासून तिथे सगळी अडगळ टाकलेली. फुटक्या फरश्या, विटा, गंजका कूलर, मोडकी खाट, रंगाचे डबे. उंदीर सोडून तिथे कुणी जात नव्हतं. ते बराच वेळ त्या ढिगाकडे बघत होते.

"हे काढलं तर," ते म्हणाले, "अव्वाला चालायला होईल इथं. पुढून तेवढं फाटक बसवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी आम्ही खाट काढली. तेवढंच. त्याच्या पुढच्या सकाळी विटा. एका वेळी एक गोष्ट, कारण सातनंतर भिंत तापायची आणि त्यांना कामावर जायचं असायचं. कूलर भंगारवाल्याला दिला. खालची जमीन दिसायला लागली तेव्हा तिला किती खड्डे आहेत ते कळलं. ते बुजवले, त्याच जुन्या विटा घालून. वर हिरवी जाळी बांधली, सावलीची. भिंतीला कमरेच्या उंचीवर पाइपाचा कठडा बसवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याचे स्क्रू मी पिळले, पाइप मिस्टरांनी धरला. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एका कामात कधी नव्हतो. फार बोलत नव्हतो. "जरा वर." "आता?" "हं." एवढंच.

ज्या दिवशी फाटक बसलं त्या दिवशी मी मागचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. आत्या नेहमीसारख्या पुढच्या दाराशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, बागला तगीनी." दार उघडलंय. चुकलं असेल. त्या वळल्या, मागून येणाऱ्या उजेडाकडे बघितलं आणि चालत गेल्या. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या. मग कठड्यावर हात टेकवून निघाल्या. फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. जाळीचा हिरवा उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडत होता. त्या माहेरी पोचल्या असं मी म्हणणार नाही. फाटकाशी त्या रोज थांबायच्या, त्याच्या सळ्यांना हात लावून बघायच्या. आम्ही पिंजरा थोडा लांब केला होता, हे मला ठाऊक होतं. पण "बागला तगी" कमी झालं. दिवसातून चार-दोन वेळा. कधी एखादा दिवस अजिबात नाही.

न्हाणीघराचं दार मी परत बसवलं. बाहेरची कडी काढून टाकली. तिच्या जागी चार भोकं राहिली आहेत, ती बुजवली नाहीत.

तो उन्हाळा मी आठवते तेव्हा मला तो सरल्याचं आठवतच नाही. पाऊस आला असणार. मालकांनी जागा दुसऱ्या बाईला दिल्याचं कळलं ते त्याच सुमाराला. मुलगी सुट्टीला येऊन गेली. पण माझ्या डोक्यात तो एकच लांब दुपार होऊन राहिला आहे. बंद पडदे, ड्रिलचा आवाज, बोळातून येणारी सावकाश पावलं. सुटी मिळाल्यासारखं कधी वाटलं नाही. ती पावलं ऐकू येत असली की मी स्वयंपाकघरात मोकळी असायचे. थांबली की हातातलं टाकून उठायचे. आत्या फाटकापर्यंत जायच्या, मी तेवढंही जात नव्हते. मोडनिंबहून आईचा फोन यायचा. "ये की गं दोन दिवस. तुजं तोंड बगून किती दिस झालं." मी म्हणायचे, येते. तिलाही कळायचं, मलाही.

त्यानंतरच्या थंडीत आत्यांना ताप आला आणि तो गेल्यावर पाय उठले नाहीत. तेव्हापासून त्या पलंगावर आहेत. आता कुठल्याच दाराला वर कडी लागत नाही. बोळात मी कपडे वाळत घालते. त्यांना भरवायचं, कूस बदलायची, पुसून घ्यायचं. कानडीही आता फारसं उरलं नाही. कधी हात हवेत उचलतात, भाकरी थापायला, आणि अर्ध्यातच खाली ठेवतात. मिस्टरांनी रात्रपाळी मागून घेतली आहे, म्हणजे दिवसा दोघं असतो. आईला भरवताना ते तिच्याशी हळू बोलत असतात. बरंचसं मला कळतं आता.

यंदा पाणी तापलं त्याच आठवड्यात ते म्हणाले, "तू मोडनिंबला जाऊन ये."

मी म्हटलं, "तुम्हाला जमणार नाही."

"जमतंय की. सुट्टी घेतलीय मी. तू सांगितलेलं सगळं करतो, न सांगितलेलंही करतो. जा."

"सकाळी जाते, संध्याकाळच्या गाडीने येते."

"बघ तुझं तू."

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. गरम वारा तोंडावर येत होता, मी काच लावली नाही. मोडनिंबच्या फाट्यावर भाऊ गाडी घेऊन आला होता. घरी आईने मला बघितलं. लिंबाखाली बाज टाकली होती, तिच्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, जरा टेकते. जागी झाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, गालावर सुंभाचे वळ उठले होते आणि आई शेजारी बसून शेंगा फोडत होती. मला क्षणभर काहीच आठवलं नाही, मी कुठली, कुणाची. ते फार चांगलं वाटलं. मग सगळं आठवलं आणि मी धडपडून उठले.

"जेवलीस बी न्हाईस," आई म्हणाली.

"गाडी जाईल."

तिने शेंगा पदरात बांधून दिल्या आणि सोबत रस्त्यापर्यंत आली. हायवेवर आम्ही उभ्या राहिलो. मी घरी फोन लावला. मिस्टर म्हणाले, "अव्वानं पेज घेतली. झोपलीय. मीही जरा पडलो होतो." मागे कूलर चालू होता. बाकी कसलाही आवाज नव्हता. मी उगाच आणखी काही ऐकू येतंय का म्हणून फोन कानाला धरून ठेवला.

सोलापूरची गाडी लांबून दिसली. माझा हात वर गेला. गाडी पुढे जाऊन थांबली, धूळ उडाली, कंडक्टरने दार उघडून हाक दिली, "चला, सोलापूर, सोलापूर!"

माझे पाय निघेनात.

"चला की बाई!"

"नाही," मी म्हटलं. "जाऊ द्या."

"मग हात कशाला केला?"

त्याने घंटी मारली, गाडी निघून गेली. धूळ खाली बसली. फोन अजून हातात होता, पलीकडून मिस्टर विचारत होते, "बसलीस का?"

"उद्या येते," मी म्हणाले.

"परवा आलीस तरी चालेल," ते म्हणाले.

आईने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि घराच्या वाटेला लागली. मी तिच्या मागोमाग निघाले.